दशम्या, लसणाची चटणी आणि लाइन ११

शांघाय मेट्रोची ११ नंबरची लाइन. तिचं एक टोक शांघायच्या हद्दीबाहेर, कुनशानमधल्या ह्वाछ्याओ नावाच्या स्टेशनला आणि दुसरं टोक डिस्नीलँडच्या दारात. मी पहिल्या टोकाला राहायचो. चाकणच्या कंपनीने दीड वर्षासाठी तिकडच्या प्लांटला पाठवलं होतं, त्यामुळे रोज सकाळी स्टेशनावरच्या नकाशात डिस्नीचं नाव वाचायचं आणि खाली उतरून बसने फॅक्टरीत मोल्डिंग मशीनांपुढे जाऊन उभं राहायचं असं सगळं चाललं होतं. एकटा माणूस कशाला जाईल डिस्नीत.

मग नोव्हेंबर २०१९ मध्ये बायको, आठ वर्षांची लेक आणि आई आल्या. लेकीने विमानतळावरच विचारलं, डिस्नी कधी. आईने विचारलं, तिथे खायला काय मिळतं. आई अंडंसुद्धा खात नाही, आणि चीनमध्ये ‘व्हेज’ म्हणून मागवलेल्या भाजीत बारीक खिमा पेरलेला निघाला की आपण बावचळतो, त्यांना मात्र त्यात काय चुकलं हेच कळत नाही. त्यामुळे आईने आदल्या रात्रीच गुळाच्या दशम्या केल्या, पीठ पुण्याहून आणलेलंच होतं. सोबत एका छोट्या स्टीलच्या डबीत लसणाची चटणी. ती डबी बॅगेत असली की अख्ख्या डब्याला कळतं, म्हणजे मेट्रोच्या डब्याला.

दोन तासांहून जास्त वेळ लागला. गेटवर बॅग तपासणीची ही मोठी रांग. मी आधी नियम वाचून ठेवले होते. बाहेरचं खाणं चालेल, पण गरम करावं लागणारं, बर्फात ठेवावं लागणारं आणि उग्र वासाचं नको. उग्र वासाचं म्हणजे ड्यूरियन नावाचं ते फळ, आणि तो आंबवलेला टोफू, ज्याच्या गाडीशेजारून जाताना मी श्वास धरायचो. लसणाची चटणी यात बसते का हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तपासणाऱ्या मुलीने डबी उघडली, नाकाशी नेली आणि झटकन मागे घेतली. मी माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत म्हणालो, दासुआन, लसूण. तिने शेजारच्या मुलाला बोलावलं, त्यानेही वास घेतला, दोघांचं काहीतरी बोलणं झालं, मग ती आईकडे बघून हसली आणि झाकण घट्ट लावून डबी परत दिली. आई म्हणाली, “बघ, चांगल्या घरची मुलगी आहे.”

आमच्या दशम्या ज्या नियमामुळे आत गेल्या तो नियम तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. त्याआधी शांघाय डिस्नीत बाहेरचं खाणं नेता येत नव्हतं. अमेरिकेतल्या आणि पॅरिसच्या डिस्नीत चालायचं, आशियातल्या पार्कांत नाही. २०१९ च्या सुरुवातीला शांघायमधली कायद्याची एक विद्यार्थिनी पिशवीत थोडा खाऊ घेऊन गेली, गेटवर अडवलं, आणि तिने सरळ कोर्टात केस टाकली. खाऊ किती रुपयांचा, तर ४६ युआनच्या आसपासचा. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली, तिला ५० युआन मिळाले आणि पार्कने सगळ्यांसाठीच नियम बदलला. ५० युआन म्हणजे आपले तेव्हाचे पाचशे रुपये. माझ्या ऑफिसातला चिनी सहकारी हे सांगताना इतका खूश होता की जणू केस त्यानेच लढवली. त्याच्या आईचं म्हणणं म्हणे सोपं होतं, की बाहेर जाताना घरून काहीतरी घेतल्याशिवाय माणूस निघतोच कसा. मला वाटलं ही बाई आमच्या वाड्यात राहून गेली असणार.

तर ते डिस्नी. १६ जून २०१६ ला सुरू झालं, पुदोंगमध्ये छुआनशा म्हणून जुनं गाव आहे त्याच्या भागात. खर्च साधारण साडेपाच अब्ज डॉलर. आता गंमत अशी की नाव डिस्नीचं असलं तरी मालकीतला मोठा वाटा त्यांचा नाही, ५७ टक्के शांघाय सरकारच्या कंपन्यांच्या शेंदी नावाच्या ग्रुपचे आणि ४३ टक्के डिस्नीचे. रोजचा कारभार बघणारी कंपनी वेगळी आणि तिच्यात मात्र ७० टक्के डिस्नी. म्हणजे शेत पाटलाचं, बी आणि अवजारं पाव्हण्याची, आणि नांगर कोण धरणार तर पाव्हणाच. पेइचिंगच्या युनिव्हर्सल पार्कचंही तेच, तिथे तर ७० टक्के वाटा चिनी सरकारी कंपनीचा. परदेशी ब्रँडला चीनमध्ये एवढी जमीन, मेट्रो स्टेशन, रस्ते हे असंच मिळत नाही, कुणीतरी घरचा माणूस लागतो.

डिस्नीचे तेव्हाचे सीईओ बॉब आयगर यांचं घोषवाक्य होतं की हे पार्क अस्सल डिस्नी असेल आणि तरीही ठळकपणे चिनी. ऐकायला फार छान आहे, पण आत जाऊन बघितलं की कुणीतरी यादी करून एकेक गोष्टीवर टिक केलीय असं वाटत राहतं. अमेरिकेतल्या पार्कात शिरताना जुन्या अमेरिकन गावाचा रस्ता असतो, तो इथे काढून टाकला आणि त्याजागी मिकीच्या नावाचा रस्ता. राजवाडा जगातल्या सगळ्या डिस्नी राजवाड्यांत उंच, ६० मीटरच्या आसपास, आणि शिखरावर पिओनी, म्हणजे त्यांचं लाडकं मोठं टपोरं फूल. चिनी कवींच्या भटकंतीला वाहिलेलं एक चहाघर. पेकिंग डक घातलेला पिझ्झा. आणि सुरुवातीला ‘लायन किंग’चं नाटक चिनी भाषेत, ज्यात आफ्रिकेच्या जंगलात मध्येच त्यांचा वानरराजा सुन वुकोंग उडी मारायचा. आता हनुमान ‘हॅम्लेट’मध्ये घातला तर कसं वाटेल तसं, पण लोक टाळ्या वाजवायचे म्हणे.

त्यातल्या त्यात मला आवडली ती बारा मित्रांची बाग. चिनी राशीचक्रातले बारा प्राणी तिथे भिंतीवर रंगीत तुकड्यांच्या चित्रांत काढलेत, पण प्रत्येक प्राणी डिस्नीच्या किंवा पिक्सारच्या सिनेमातला. वाघाच्या जागी टिगर, कुत्र्याच्या जागी प्लूटो. लोक आपापल्या जन्मवर्षाच्या प्राण्यापुढे उभे राहून फोटो काढतात. आम्ही उंदरापुढे आलो आणि लेक म्हणाली, हा मिकी नाहीये. खरंच नव्हता, स्वयंपाक करणारा रेमी उंदीर होता. चिनी भाषेत मिकीला ‘मी लाओशू’ म्हणतात, लाओशू म्हणजे उंदीर, आणि हे कळल्यावर आमच्या कार्टीने दिवसभर “मी लाओशू, तू कोण?” असा धोशा लावला. पण खुद्द लाओशूच त्याच्या घरच्या राशीचक्रात नाही. कंपनीच्या मालकाला कुणी बारा वर्षांतून एकदाच आठवायच्या भिंतीवर लावत नसेल, काय माहीत. आई तिसऱ्याच विचारात होती. एवढे उंदीर बघून झाल्यावर तिने अगदी साधेपणाने विचारलं, “आणि गणपती कुठाय यांचा?”

यादी करून चिनी होण्याची ही हौस जुनीच. हाँगकाँगचं डिस्नीलँड १२ सप्टेंबर २००५ ला उघडलं तेव्हा फेंगशुईवाल्याला विचारून मुख्य गेट १२ अंशांनी फिरवलं होतं. स्टेशनकडून येणाऱ्या वाटेला मुद्दाम वळण दिलं, लक्ष्मी सरळ वाहून जाऊ नये म्हणून. हॉटेलात चौथा मजला नाही, कारण चारचा उच्चार मृत्यूच्या जवळ जातो. समारंभाचा एक हॉल बरोब्बर ८८८ चौरस मीटरचा, कारण आठ शुभ. आपण हसायचं कारण नाही, पुण्यात माझ्या मामाने वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून बांधून झालेलं संडास फोडलंय.

पण एवढं सगळं करून २००६ च्या चिनी नववर्षाला काय झालं, तर पार्क इतकं भरलं की गेट बंद करावं लागलं. बाहेर चीनच्या मुख्य भूमीवरून आलेली माणसं, हातात रीतसर तिकिटं, आणि आत सोडत नाहीत. काही जण कुंपणावर चढले, लहान पोरांना वरून पलीकडे दिलं, फोटो जगभर छापून आले. कारण काय होतं, तर हाँगकाँगची सुट्टी संपली होती पण मुख्य भूमीवर सुट्टी अख्खा आठवडा असते आणि तिकीट कुठल्याही दिवशी चालणारं होतं. म्हणजे गेट किती अंशांत फिरवायचं ते विचारलं, आणि लोकांना सुट्टी कधी असते ते विचारायचं राहिलं! मला हा किस्सा भयंकर आवडतो, आमच्या प्लांटमध्ये परदेशी साहेब यायचे त्यांची आठवण येते.

आणि हे फक्त गोऱ्या साहेबाचंच दुखणं नाही. चिनी लोकांनीही अमेरिकेत हेच केलं होतं. १९९३ मध्ये चीनच्या सरकारी ट्रॅव्हल कंपनीने फ्लोरिडात, डिस्नी वर्ल्डच्या अगदी शेजारी, ‘स्प्लेंडिड चायना’ नावाचं पार्क काढलं. छोटी ग्रेट वॉल, छोटा पोताला, म्हणजे तिबेटमधला राजवाडा, छोट्या मातीच्या सैनिकांची फौज. अमेरिकन माणसाने चीनबद्दल काय बघावं असं चिनी अधिकाऱ्यांना वाटत होतं ते सगळं तिथे होतं, फक्त अमेरिकन माणूस नव्हता. पोतालावरून तिबेटवाल्यांची निदर्शनं झाली ती वेगळीच. २००३ अखेर बंद पडलं.

उलट पेइचिंगच्या शिजिंगशान पार्कवाल्यांचा बेधडकपणा बघा. सरकारी पार्क, १९८६ चं. डिस्नी शांघायला यायच्या कितीतरी आधी यांची जाहिरात होती की डिस्नीलँड फार लांब आहे, शिजिंगशानला या. आत मोठ्या कानांची, ओळखीची वाटणारी बरीच मंडळी फिरायची. २००७ मध्ये बोभाटा झाला तेव्हा पार्ककडून खुलासा आला, तो उंदीर नाही, मोठ्या कानांची मांजर आहे. याला म्हणतात स्थानिकीकरण.

स्वदेशीचा झेंडा घेऊनही एक जण उतरला होता, वांडा या चिनी बिल्डर ग्रुपचे वांग जियानलिन, तेव्हा चीनमधले सगळ्यात श्रीमंत. मे २०१६ मध्ये, म्हणजे शांघाय डिस्नी उघडायच्या तोंडावर, ते टीव्हीवर म्हणाले की डिस्नीने चीनमध्ये यायलाच नको होतं, मिकीमागे वेडं व्हायचे दिवस गेले, आणि एकटा वाघ लांडग्यांच्या कळपापुढे टिकत नाही. कळप म्हणजे वांडाची पार्कं, १५-२० काढायचा बेत. त्याच महिन्यात नानछांगला पहिलं मोठं उघडलं आणि पहिल्याच दिवशी तिथे स्नो व्हाइट आणि कॅप्टन अमेरिका फिरताना दिसले. डिस्नीने डोळे वटारले, वांडा म्हणाली ती आमची नव्हेत, मॉलमधल्या दुकानदारांनी उभी केली होती. पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये, कर्जाच्या ओझ्याखाली वांडाने असे १३ प्रकल्प सुनाक नावाच्या बिल्डरला विकून टाकले. लांडगे गेले, वाघ आहे तिथेच आहे. नुसतं आपलं म्हणून लोक तिकीट काढत नाहीत. आणि नुसतं परदेशी म्हणूनही नाही, सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकी पार्क कंपनीने एका चिनी बिल्डरला नाव भाड्याने देऊन तीन शहरांत पार्कं जाहीर केली होती, बिल्डरने पैसे थकवले, २०२० च्या सुरुवातीला करार मोडला आणि एकही पाळणा फिरला नाही.

पण मी आमच्या दिवसाबद्दल सांगत होतो. दुपारी बायको आणि लेक त्या ट्रॉनच्या मोटरसायकलवाल्या राइडला गेल्या, मी आणि आई एका बाकावर. बाकं भरपूर आहेत तिथे, हे पार्क बांधणाऱ्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. कारण चिनी घर डिस्नीला येतं ते एका पोरामागे दोन आईबाप आणि जमलं तर दोन-चार आजी-आजोबा असं. पोर आणि आईबाप रांगेत, बाकी सगळे बाकांवर. आणि आमच्या बाकाच्या रांगेत नजर टाकली तर काय, प्रत्येक म्हातारीच्या मांडीवर पिशवी उघडलेली! चहात उकडलेली तपकिरी अंडी, सूर्यफुलाच्या बिया, संत्री, थर्मासात गरम पाणी. एवढा साडेपाच अब्जांचा देखावा पुढ्यात, आणि या सगळ्या त्याच्याकडे पाठ करून बिया सोलत बसलेल्या.

शेजारच्या आजीने आईला दोन संत्री दिली. आईने दशमी काढून दिली. आजीने आधी हातात धरून उलटसुलट बघितली, कडेचा तुकडा मोडला, चावत राहिली, मग मान डोलावली आणि उरलेली कागदी रुमालात गुंडाळून ठेवली, नातवासाठी असणार. चटणीची डबी आईने नुसती उघडून दाखवली तर तिने बोटाच्या टोकावर घेऊन चाखली आणि पुढचा मिनिटभर थर्मास सोडला नाही. शांघायचं जेवण गोडसर असतं. दोघी हसून हसून बेजार. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी पाऊण तास बोलत होत्या, मला मध्ये भाषांतरालासुद्धा घेतलं नाही. मागे राजवाड्यावरचं ते पिओनी उन्हात चमकत होतं आणि त्याकडे कुणी बघत नव्हतं.

परत येताना मेट्रोत लेक झोपलेली आणि मी विचार करत होतो की त्या लायन किंगमधल्या वानरराजाला चिनी म्हणायचं की या बाकावरच्या पिशव्यांना. वानरराजा कुणीतरी मीटिंग घेऊन ठरवला. पिशव्या तर सुरुवातीला गेटवर अडवल्या जात होत्या.

मंडळी डिसेंबरात परत गेली, मीही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला आलो, चिनी नववर्षाच्या सुट्टीसाठी म्हणून, आणि मग जाणंच झालं नाही. ते नववर्ष सुरू झालं २५ जानेवारी २०२० ला, आणि वर्ष होतं उंदराचं. चिनी भाषेत उंदीर लहान की मोठा याला शब्द एकच, त्यामुळे डिस्नीने थाटात मिकीचं वर्ष म्हणून जाहिरात केली होती, बारा वर्षांतून एकदा येणारी संधी. त्याच दिवशी, लाओशूच्या स्वतःच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, शांघाय डिस्नीला कोविडमुळे टाळं लागलं. ११ मेला उघडलं, जगातल्या डिस्नी पार्कांत सगळ्यात आधी. पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरला, पार्कात येऊन गेलेली एक व्यक्ती बाधित निघाली म्हणून, आत असलेल्या जवळपास ३४ हजार लोकांची तपासणी केल्याशिवाय कुणाला बाहेर सोडलं नाही. त्या रात्रीचा एक फोटो सहकाऱ्याने पाठवला होता, वर आतषबाजी आणि खाली पांढऱ्या पीपीई किटांतली माणसं नळ्या घेऊन उभी. राजवाड्यापुढे. किती वेळ तो फोटो बघत बसलो.

त्याच वर्षी चीनमधल्या पार्कांत दोन गोष्टी झाल्या. एक, सप्टेंबर २०२१ मध्ये पेइचिंगला युनिव्हर्सल उघडलं, कागदावर जवळपास वीस वर्षं घालवून. चिनी पाहुण्यांसाठी म्हणून कुंग फू पांडाचा अख्खा विभाग छपराखाली बांधला होता. आणि गर्दी कुणाकडे, तर ट्रान्सफॉर्मर्समधल्या मेगाट्रॉनकडे, जो फोटोसाठी नुसता उभा राहायच्या ऐवजी बोलतच सुटतो, समोरच्याचा पाणउतारा करतो, बढाया मारतो. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले, लोक तिकीट काढून अपमान करून घ्यायला जायला लागले. पुणेकर म्हणून मला हे लगेच समजलं.

दुसरी लीनाबेल. शांघाय डिस्नीत २९ सप्टेंबर २०२१ ला आणलेली गुलाबी कोल्हीण. हिच्या नावावर तेव्हा एक सिनेमा नाही, कार्टून नाही, जेमतेम दोन ओळींची गोष्ट. आणि तिच्यासाठी लोक तासन् तास उभे, बाहुल्या संपून दुप्पट-चौपट भावाने विकल्या गेल्या, डिसेंबरच्या थंडीत पहाटे तीनपासून रांगा. चाहत्यांनी तिला टोपणनाव दिलं, छुआनशाची दाजी. दाजी म्हणजे त्यांच्या पुराणकथेतली, राजाला नादी लावणारी, बाईच्या रूपातली कोल्हीण. आणि छुआनशा म्हणजे पार्क ज्याच्या भागात आहे ते जुनं गाव. पिओनी, चहाघर, आठशे अठ्ठ्याऐंशी, सगळं एकीकडे, आणि हे एक चावट टोपणनाव एकीकडे. गावाचं नाव आणि पुराण दोन्ही एका फटक्यात त्या अमेरिकन बाहुलीच्या गळ्यात बांधलं, कुणी मीटिंग न घेता.

लेक आता चौदाची आहे. मागच्या दिवाळीत तिच्या सॅकला ती गुलाबी कोल्हीण लटकलेली दिसली, तुळशीबागेतून आणलेली, नकलीच असणार. मी म्हणालो कुठल्या सिनेमातली गं ही. म्हणाली, “बाबा, ती सिनेमातली नाहीये, ती फक्त आहे.”

सहकारी अजून मधूनमधून काहीतरी पाठवतो. जुलै २०२५ मध्ये लाइन ११ पासून लांब, जिनशानला, लेगोलँड उघडलं तेव्हा त्याने मुलाला नेलं होतं. दारात लेगोच्या माणसाचा २६ मीटर उंच पुतळा आहे, आणि त्याच्या पायाशी त्याचा मुलगा आणि त्याची आई, म्हणजे तीच, घरून घेतल्याशिवाय न निघणारी. तिच्या हातात कापडी पिशवी. मी फोटो आईला दाखवला. आई आता फारशी बाहेर पडत नाही, मोबाइल डोळ्यांपाशी धरून बराच वेळ बघत होती. मला वाटलं पुतळा बघतेय.

“पिशवीत काय होतं रे तिच्या?” म्हणाली. “विचार की त्याला.”

विचारलं. अजून उत्तर यायचंय.